उन्हाळ्यात काढलेला थर्मोस्टॅट आणि सेमाडोहचा गारठा

आमच्या दर्यापूरकडे जुनी गाडी पाहायला निघालेला माणूस एसी लावून पाहतो, हॉर्न दाबतो, टायरला लाथ मारतो, बॉनेट उघडून उगाच मान हलवतो. हीटर मात्र कोणी लावून पाहत नाही. मार्चपासून जूनपर्यंत कूलरपुढून हलायचं जिवावर येतं, त्या मुलखात गाडीत आणखी गरम हवा कशाला? त्यामुळे हीटरची कळ एकदा निळ्या टोकाला गेली की गाडीच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकापर्यंत तिथंच राहते. माझ्या सात सीटच्या डिझेल गाडीचा तिसरा मालक मी.

हिवाळा आमच्याकडे थोडे दिवस असतो, पण असतो तेव्हा पुरता असतो. २०१८ साली २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, ते अनेकांच्या लक्षात असेल. आमचं रान काळं आणि सपाट. पहाटे तुरीवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये काहीच नाही. त्यात माझी लेक शिकवायला आहे धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत. शनिवारी घरी येते, आणि थंडीच्या दिवसांत सोमवारी पहाटे मी तिला सोडून येतो. अंजनगाव, परतवाडा, मग घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी. परतवाड्यापर्यंत सगळं सपाट. पुढे गाविलगडचे डोंगर लागतात. घटांगचा चढ संपवून गाडी पलीकडे सिपनेच्या खोऱ्यात उतरते, आणि रात्रभर उतारावरून खाली आलेली थंड हवा तिथं साचलेली असते. थंडीचं नाव चिखलदऱ्याचं होतं कारण तो उंचावर आहे. पण सूर्य उगवायच्या वेळी सेमाडोहला खिडकी उघडून पाहा.

या रस्त्यावर आमचा हीटर काय करायचा? घरघर करायचा. परतवाडा आलं तरी हवा कोमटसुद्धा नाही. आईनं दिलेली वाकय, म्हणजे गोधडी, पायावर घेऊन लेक बसायची आणि एका हातानं ओढणीच्या टोकानं समोरची काच पुसत राहायची. "बाबा, हा हीटर हाय का कूलर हाय? माये पाय निरे बर्फ होऊन राह्यले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाच्या टपरीवर मात्र प्रत्येकाकडे होतं. एक म्हणाला, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा. दुसरा म्हणाला, निघायच्या आधी गाडी अर्धा तास चालू ठेवा. तिसऱ्यानं तर हीटरचा नादच सोडून बायकोचं स्वेटर घालायला सांगितलं.

उभ्या गाडीवर डिझेल इंजिन तापवायचा सल्ला सगळेच देतात, पण त्यात तथ्य कमी. डिझेल इंजिनावर भार नसला की ते फार थोडं डिझेल जाळतं, आणि थोडं जाळतं म्हणून थोडंच तापतं. पेट्रोलच्या गाडीपेक्षा डिझेलचा हीटर मुळातच उशिरा लागतो. चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावं आणि हलक्या पायानं निघावं; रस्त्यावरच ते लवकर तापतं. आणि टिनाच्या बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून आत बसणं तर नकोच. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोप लागल्यासारखा माणूस जातो.

हीटरमध्ये वेगळं काही जळत नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. इंजिनाचं तापलेलं पाणी दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे जातं. तिथं एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती आपल्या पायावर येते. म्हणून विचारायचं एवढंच: हवा पुरती येते का, गरम पाणी कोरपर्यंत पोहोचतं का, आणि पाणी मुळात तापतं तरी का.

हवेचं उत्तर घरीच मिळालं. वेचणीच्या दिवसांत गाडी गोठ्याला लागून टिनाखाली उभी असते आणि बाजूलाच कापसाची गंजी. ग्लव्ह बॉक्सच्या खालून ब्लोअर उतरवला तर आत उंदराचं घर! कापूस, सरकी, तुरीची टरफलं, खताच्या पोत्याचे धागे, सगळं नीट विणलेलं. तोंडाला दुपट्टा बांधून ते उपसलं. नव्या गाड्यांमध्ये हवेच्या वाटेवर केबिन फिल्टर असतो. हरभऱ्याच्या मळणीला गाडी शेतात उभी केली असेल तर त्यात कुटाराची धूळ दाबून बसलेली असते. तो बदलायला मिस्त्रीही लागत नाही. माझ्या गाडीला फिल्टर नाही, म्हणून उंदीर.

ब्लोअर साफ झाल्यावर गार हवा आधीपेक्षा जोरात यायला लागली. लेक म्हणाली, पहिलेच बरं होतं.

मग मी काट्याकडे नीट लक्ष दिलं. तापमानाचा काटा घरून निघाल्यापासून खालच्या पाव भागातच. अंजनगाव गेलं, परतवाडा गेलं, काटा तिथंच. घटांगच्या चढाला गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर करू लागली की काटा थोडा उठायचा, हीटरमधून जराशी ऊब यायची आणि लेक हात पुढे करायची. चढ संपून उतार लागला की काही मिनिटांत काटा परत खाली आणि हवा पुन्हा गार. म्हणजे नेमकी जिथं थंडी जास्त, तिथं हीटर बंद पडल्यासारखा. चढावर गरम आणि उतारावर गार होणारा हीटर आपला आजार स्वतःच सांगत असतो: इंजिन जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी रेडिएटर लगेच बाहेर फेकून देतो आहे.

हीच खूण वेगळी असती तर दुखणंही वेगळं असतं. काटा मधोमध, इंजिन नीट तापलेलं, तरी हवा गार, तर पाणी कोरपर्यंत जात नाही किंवा कळ वळवल्यावर आतली झडप हलत नाही. उभ्या गाडीवर गार आणि रेस दिली की गरम, तर बहुतेक पाणी कमी झालं आहे किंवा पंप अशक्त आहे. डॅशबोर्डमागे गुडगुड आवाज येत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. आणि काचेवर गोड वासाची चिकट वाफ धरत असेल, पायाखालची मॅट ओली होत असेल, तर कोर फुटून आत गळतो आहे. त्यात घरगुती उपाय चालत नाहीत.

परतवाड्याला एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. धारणीहून येताना गाडी त्यांच्याकडे लावली, कारण त्यांना गाडी थंड हवी होती, आणि मी एसटीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर गाडी दवानं भिजून उभी. चाचांनी ती चालू केली, रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर हात ठेवला आणि गप्पा मारत राहिले. थोड्या वेळानं गाडी बंद करून मला म्हणाले, "भाऊ, हात लावा." पाइप हळूहळू कोमट होत होता.

"मंग? गरम तर होऊनच राह्यला."

"तेच तर! इंजिन अजून थंडं हाय आन् पाइप आत्ताच गरम होऊन राह्यला. थर्मोस्टॅट हाय का कोनं खाल्ला?"

हाउसिंगचे बोल्ट सोडले. आत रबरी वायसर होता, थर्मोस्टॅट नव्हता. चाचांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढून दाखवला. त्यात काढलेले थर्मोस्टॅट पडले होते, काही गंजलेले, काही अगदी धड. "मे महिन्यात लोक येते. म्हनते, चाचा गाडी गरम होऊन राह्यली, ते अंदरचं काढून टाका. मी नाई म्हनलं तं दुसऱ्याकडं जाते."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाटावर बसवलेला पाटकरी. इंजिन थंड आहे तोवर रेडिएटरकडे जाणारं दार बंद ठेवायचं, पाणी इंजिनात आणि हीटर कोरमध्येच फिरू द्यायचं. ठराविक तापमान आलं की दार उघडायचं. त्याच्या पोटात मेण असतं. तापल्यावर मेण फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. बऱ्याच गाड्यांमध्ये हे ८२ ते ८८ अंशांच्या आसपास सुरू होतं. वीज नाही, सेन्सर नाही. तोच नसला की पहाटे आठ-नऊ अंशांत सुद्धा सगळं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, समोरून गार वारा लागतो, आणि इंजिन बिचारं तापायची वाट पाहत धारणीला पोहोचतं.

तो अर्धवट उघडा अडकून बसला तरी लक्षण हेच. बंद अडकला तर उलट, इंजिन तापून उकळतं. हे बंद अडकणं एखाद्या गाडीत झालं, आणि त्यावरून आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांचे थर्मोस्टॅट काढायची रीत पडली असावी, असा माझा अंदाज. माझ्या मते ही रीत शुद्ध आळशीपणाची आहे. उन्हाळ्यात गाडी तापण्याची खरी कारणं वेगळी असतात: रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस, कुटार, किडे, सैल झालेला पट्टा, पंख्याचा दमलेला क्लच, दाब न धरणारं झाकण. झाकणाचं महत्त्व फार कमी लोकांना कळतं. ते आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रबर कुजलं की तोच उन्हाळा गाडीला जड जातो. हे सगळं तपासायला सकाळ जाते. थर्मोस्टॅट काढायला पंधरा मिनिटं.

शिवाय काढून गाडी थंड राहीलच, याचीही खात्री नाही. काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर ती वाट कायम उघडी, आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे ज्याच्यासाठी काढला तेच वाढू शकतं. हिवाळ्यात थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त खातं, ऑइल जाड राहतं, न जळालेलं डिझेल आणि ओलावा त्याच ऑइलमध्ये उतरतो. हे नुकसान दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. लेकीचे पाय बर्फ झाले म्हणून मला तरी कळलं.

नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत आला. बसवताना चाचांनी त्यातलं इवलंसं छिद्र वरच्या बाजूला ठेवलं. त्यातून अडकलेली हवा निघते. काटा त्या दिवसापासून मधोमध यायला लागला आणि उतारावरही तिथंच थांबायला लागला. हवाही गरम झाली, पण जितकी व्हायला हवी तितकी नाही. चाचांनी गाडी पूर्ण तापवून बंद केली आणि डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन पाइपांना हात लावायला सांगितला. एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. दोन्ही पाइप जवळपास सारखे गरम हवेत. एक गरम आणि एक गार म्हणजे मध्ये पाणी अडतं आहे.

"पानी कोनतं टाकता?" चाचांनी विचारलं. आधीच्या मालकाचं गाव विचारलं आणि त्यांनीच मान हलवली. आमचं गाव, त्याचं गाव, दोन्ही खारपाणपट्ट्यातली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना मोठा पट्टा असा आहे की तिथलं जमिनीखालचं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, शेताला दिलं तर जमीन कडक होते. आमच्याकडे पिण्याचं पाणी माणूस फिल्टर प्लँटवरून कॅन भरून आणतो, आणि गाडीला मात्र बोअरचं पाजतो. तापलेल्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत बसतात, आणि मीठ ॲल्युमिनियम खातं. हीटर कोरच्या नळ्या मोठ्या रेडिएटरपेक्षा बारीक, पुन्हा कित्येक महिने कळ बंद म्हणून पाणी तिथं हलत नाही. त्यामुळे पहिले त्याच भरतात. खाऱ्या पाण्यानं घरातल्या नळाच्या तोट्यांचं काय होतं, ते आम्ही रोज पाहतो.

दोन्ही पाइप सोडून चाचांनी कोर उलट्या दिशेनं धुतला. म्हणजे पाणी जिकडून बाहेर पडतं तिकडून आत सोडायचं, तेही नळाच्या साध्या धारेनं. कॉम्प्रेसर किंवा सर्व्हिसिंगचा जोराचा पाइप लावला तर जुना कोर आतच फुटतो आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग पांढरट पापुद्रे, मग परत लाल. धार स्वच्छ यायला बराच वेळ गेला. चाचा मध्येच नमाजाला जाऊन आले, तरी धार लालच होती.

नंतर कूलंट. आमच्याकडे त्याला "थंडीत पाणी गोठू नये म्हणून टाकतात ते" समजून सोडून देतात. इथं कुठं पाणी गोठतं? पण कूलंट गंज रोखतं, क्षार बसू देत नाही आणि उकळण्याचं तापमान वर नेतं, म्हणजे आमच्या मे महिन्यालाच त्याची जास्त गरज. घट्ट कूलंट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी. तयार मिश्रण असेल तर तसंच. हिरवं, लाल असे वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकमेकांत ओतू नयेत, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्यावं. आणि जुनं काढलेलं अंगणात ओतू नये. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी; कुत्रं, बकरी, लहान पोरगं, कोणीही तोंड लावू शकतं. चाचांनी झाकणाच्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलं, ते मला आवडलं.

पाइपातली हवा काढायला गाडीचं तोंड वर लागतं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच राहतं. परतवाड्यात चढाला तोटा नाही. पण चार दिवसांनी घरी परत थोडा गुडगुड आवाज आला, आणि दर्यापूरच्या सपाट रानात चढ शोधायचा कुठं? शेवटी नाल्यावरच्या पुलाच्या चढावर गाडी लावली, चाकांमागे दगड ठेवले. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडलं. तापलेल्या गाडीचं झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. हीटरची कळ पूर्ण लाल टोकाला ठेवून गाडी चालू केली, बुडबुडे येत राहिले तोवर थोडं थोडं कूलंट टाकलं. येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून गाडी बंद पडली का विचारत होता.

आता अंजनगाव यायच्या आधीच ऊब येते. वापरायची पद्धतही आम्ही बदलली. निघाल्यावर काटा हलेपर्यंत ब्लोअर कमी ठेवायचा, नाहीतर तो गार हवाच अंगावर फेकतो आणि कोरला तापूही देत नाही. नंतर थोडा वेळ आतलीच हवा फिरवायची म्हणजे गाडी लवकर गरम होते. पण फार वेळ नाही. आपल्या श्वासातली ओल आतच राहते आणि काच धुरकट होते. लेकीची ओढणी त्याच पायी झिजत होती. बाहेरच्या हवेची कळ उघडायची, हवा काचेकडे वळवायची, आणि हीटरसोबत एसीही लावायचा. थंडीत एसी म्हटलं की गावात वेड्यात काढतात, पण एसी हवेतली ओल ओढून घेतो, हीटर तीच हवा तापवतो, आणि काच पाहता पाहता साफ होते.

पुठ्ठ्याचा उपाय करणाऱ्यांना एकच सांगेन. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीला त्यानं एखाद्या पहाटे मदत होईल, पण परतताना दुपारी घाटात तो तसाच राहिला तर इंजिन उकळेल. त्यापेक्षा वरच्या पाइपाला हात लावून पाहा. गाडी बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलं आहे: "थर्मोस्टॅट काढू नये. गाडी तापल्यास जाळी धुवावी." पुढचा मालक वाचेल तेव्हा वाचेल, मे महिन्यातल्या मिस्त्र्यासाठी आताच आहे.

एक काम मात्र राहिलं. हवा पायाकडे वळवणारी झडप अर्ध्यातच अडकते, त्यामुळे चेहरा भाजतो आणि पाय नुसते बरे राहतात. केबल सुटली की झडपेचं प्लॅस्टिक मोडलं, हे डॅशबोर्डची खालची बाजू उघडल्याशिवाय कळणार नाही. चाचा म्हणतात अर्ध्या दिवसाचं काम आहे. हरभरा निघाला की गाडी त्यांच्याकडे लावतो. तोवर वाकय मागच्या सीटवर ठेवलेली आहे.